पंपापासून पोटापर्यंत : २९ आठवड्यांच्या बाळाच्या दुधाच्या नोंदी

बाळ २९ आठवडे २ दिवसांचं असताना जन्मलं, वजन १,१८० ग्रॅम. माझा रक्तदाब आवरेना म्हणून सिझेरियन करावं लागलं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन दिवसांतच कळलं की बाकी सगळं डॉक्टर आणि सिस्टर करणार, दूध तेवढं माझ्या हातात आहे. म्हणून वही घातली. पंपाची वेळ, किती मिली निघालं, बाळाला किती गेलं, वजन. शिवाय एक रकाना आखला, ‘वाया’. अंगातून निघालेलं आणि बाळाच्या पोटात पोचलेलं दूध सारखं नसतं. मधे ते कुठे कुठे गळतं हे मला एकेक चूक करत कळलं.

खालचे आकडे माझ्या बाळाचे आहेत. फॉर्टिफायर (आईच्या दुधात मिसळायचं जास्तीचं पोषण), लोह, जीवनसत्त्वं यांचं प्रमाण तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. दिवस ० म्हणजे जन्माचा दिवस.

दिवस ०

सकाळी ९.४० ला जन्म. काचेची पेटी डोळ्यांसमोरून गेली तेवढंच दर्शन. दिवसभर मी ग्लानीत. रात्री पावणेबाराला एका सिस्टरनी विचारलं, “चीक काढला का हो?” तोवर १४ तास गेले होते. काढायला सुरुवात पहिल्या तासात करायची असते, अगदीच जमलं नाही तर सहा तासांच्या आत. ऑपरेशनआधी माझ्या ढीगभर कागदांवर सह्या झाल्या, पण हे कुणी बोललं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तुमचं बाळ लवकर येणार असं दिसत असेल तर नवऱ्याला, आईला, जो कुणी सोबत असेल त्याला हे एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा : “चीक कधी काढायचा?”

हाताने काढला. अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेवायची, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांजवळ आणायची आणि सोडायचं. बोटं कातडीवरून घसरवली तर नुसतं सोलवटतं, निघत काही नाही. पहिले पाच-सहा थेंब मी वाटीत घेतले आणि ते वाटीलाच चिकटून बसले. ‘वाया’ रकान्यातली पहिली नोंद. मग सिस्टरनी १ मिलीची सिरिंज आणली आणि थेंब जिथे फुटतो तिथेच टिपायला लागल्या. वीस मिनिटांत ०.४ मिली.

दिवस १

बाळ सीपॅपवर (दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) आहे, तोंडातून पोटात नळी. पोटात दूध सुरू व्हायच्या आधीच चीक तोंडात लावायला सुरुवात झाली : एका गालाच्या आत ०.१ मिली, दुसऱ्या गालाच्या आत ०.१ मिली, दर तीन तासांनी. मला व्हीलचेअरवरून नेलं होतं. सिस्टरनी सिरिंजचं टोक गालाच्या आत टेकवलं, मधासारखा गडद पिवळा थेंब आत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग चिमटीएवढी जीभ हलली, नळीच्या कडेने बाहेर आली, ओठ चाटून परत गेली. कालच्या ०.४ मिलीमधून असं दोनदा झालं. ज्यांना ‘दोन-चार थेंबांनी काय होतंय’ वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं : या थेंबांत रोगांपासून वाचवणारे घटक सगळ्यात दाट असतात, आणि ०.२ मिली ही पूर्ण मात्रा आहे.

संध्याकाळी नळीतून १ मिली दर दोन तासांनी सुरू करायचं ठरलं. दिवसाला १२ मिली. माझं दिवसभरात ३ मिली निघालं. उरलेलं दूधपेढीतून, म्हणजे दुसऱ्या कुणा आईचं. मी सही करताना अडखळले, ते इथे कबूल करते. डॉक्टरांनी सांगितलं की ते दूध तपासलेल्या आईचं असतं आणि ६२.५ अंशावर ३० मिनिटं तापवून दिलेलं असतं. त्या तापण्यात काही संरक्षक घटक कमी होतात, चरबी पचवायला मदत करणारं एक विकरही जातं, पण आतड्याला सूज येऊन ते कुजण्याचा जो आजार (इथे सगळे ‘नेक’ म्हणतात) कमी दिवसांच्या बाळांना होतो, त्याचा धोका पावडरच्या दुधापेक्षा या दुधाने कमी राहतो. सही केली. माझे १४ तास गेले नसते तर कदाचित लागलंही नसतं.

दिवस २ ते ४

डबल पंप मिळाला. दोन्ही बाजू एकदम, १५-२० मिनिटं, चोवीस तासांत आठ वेळा. पहिले तीन दिवस नुसत्या पंपावर राहू नका. पंपानंतर लगेच हाताने काढलं तर मला जवळपास तेवढंच पुन्हा मिळायचं, कारण दाट चीक पंपाच्या भांड्यांना माखून राहतो. स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी कमी दिवसांच्या बाळांच्या आयांवरच हे तपासलं होतं : सुरुवातीच्या दिवसांत वारंवार हाताने काढणाऱ्या आणि पुढे पंप लावताना हातानेही दाबत राहणाऱ्या आयांचं दूध नंतरही जास्त राहिलं.

दिवस २ : ११ मिली. दिवस ३ : ३८. दिवस ४ ला पहाटे पान्हा फुटला, ११० मिली. बाळाला आता दर दोन तासांनी ३ मिली.

दिवस ५

वजन १,०७५. जन्मापेक्षा १०५ ग्रॅम कमी. मी रडले. पहिल्या दिवसांत अंगातलं पाणी उतरतं, दहा-चौदा दिवसांत वजन परत जागेवर येतं, हे तीनदा ऐकूनही रडले. दूध १९० मिली.

दिवस ६ ते ८ : अडकलं

२४०, २३५, २१५. वाढायच्या ऐवजी उतरायला लागलं. दहा ते चौदा दिवसांपर्यंत दिवसाला ५००-७५० मिलीपर्यंत पोचायचं असतं. बाळाला आज इतकं लागत नाही, पण या दोन आठवड्यांत जी पातळी बसते तीच पुढे टिकते. मी पंपाचा जोर वाढवत गेले. दुखायचं, पण ‘दुखतं म्हणजे निघतंय’ असं मीच ठरवलं होतं.

दोन चुका निघाल्या, दोन्ही माझ्या वहीतच दिसत होत्या.

पहिली : रात्री बारा ते सहा मी झोपत होते. दिवसा आठ वेळा भरतात ना, मग झालं, असा हिशोब. पण दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं आणि सहा तासांची खाडी पडली की स्तन भरून राहतात, शरीराला ‘पुरे’ असा निरोप जातो.

दुसरी : पंपाचं फनेल, म्हणजे स्तनावर बसणारं नरसाळं. पंपाबरोबर २४ मिलिमीटरचं आलं होतं, तेच वापरत होते. स्तनपान सल्लागार बाईंनी पट्टीने मोजलं. स्तनाग्र १६ मिलिमीटर. मोठ्या फनेलमध्ये भोवतालची काळी त्वचाही आत ओढली जात होती, कडेला लाल वर्तुळ उठत होतं आणि दूधवाहिन्या तिथेच दबत होत्या. १९ चं फनेल लावलं, जोर निम्म्यावर आणला. दुखणं त्याच दिवशी थांबलं.

वेळेचा खर्च : तीन दिवस. फनेल मोजायला दोन मिनिटं लागली.

दिवस ९

पहाटे तीनचा गजर लावला. बाळाचे बाबा भांडी धुऊन, उकळून, झाकून ठेवतात, म्हणजे मला उठून नुसतं जोडायचं. रात्रीच्या पंपाचं निम्मं काम हेच आहे, आणि ते दुसऱ्या कुणी करण्यासारखं आहे.

बाळ दर दोन तासांनी १० मिलीवर, म्हणजे दिवसाला किलोमागे साधारण १०० मिली. आज फॉर्टिफायर सुरू. ‘माझं दूध पुरेसं नाही का?’ हा प्रश्न मीही विचारला. हिशोब असा मिळाला : किलोमागे १५० मिली नुसतं आईचं दूध म्हणजे साधारण १०० कॅलरी आणि जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम प्रथिनं. या बाळांना लागतात ११० ते १३५ कॅलरी आणि साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिनं. कॅल्शियम-फॉस्फरसही जास्त लागतं, कारण पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळायचा हाडांचा साठा त्यांना मिळालेलाच नसतो. दूध कमी प्रतीचं आहे म्हणून हे घालत नाहीत. जे काम नाळेतून व्हायचं ते आता १० मिलीच्या घोटातून करून घ्यायचं असतं.

दिवस १०

पोट फुगलं, ताणलं. सगळं दूध बंद. एक्स-रे. ते दोन तास मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते.

एक्स-रे स्वच्छ. सीपॅपची हवा पोटात जाऊन फुगलं होतं, शी नीट होत होती, रक्त नाही. तरी २४ तास दूध थांबवलं. ‘वाया’मध्ये ७० मिली : पहिल्या दिवसांचं गोठवलेलं दूध आधी संपवायचं म्हणून त्याच सकाळी एक मोठी बाटली वितळवली होती. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. तेव्हापासून मी २०-३० मिलीच्याच बाटल्या भरते. बाळाचं पोट सांगून फुगत नाही.

दिवस ११ ते १४

८, १०, १३, १५ मिली असं परत चढवलं. सगळ्यांनी आधी संशय फॉर्टिफायरवर घेतला होता, म्हणून तो १४ व्या दिवसापर्यंत बंदच राहिला. चूक होती की सावधपणा, हे मी ठरवू शकत नाही. चार दिवसांची प्रथिनं मात्र गेली. आज सलाइनमधून दिलं जाणारं पोषण बंद, सगळं दुधावर. वजन १,१८५, जन्माच्या वजनाला पोचलो. माझं दूध ४७० मिली.

दिवस १५

छातीवर घेतलं, कातडीला कातडी लावून, ज्याला कांगारू केअर म्हणतात. ७० मिनिटं. डोकं माझ्या हनुवटीखाली, टोपी, पाठीवर चादर, सीपॅपची नळी टेपने माझ्या गाऊनला. त्यानंतर लगेच पंप लावला तर नेहमीच्या ५५ च्या जागी ८५ मिली. योगायोग वाटून दोन दिवस मुद्दाम मोजलं. प्रत्येक वेळी कांगारू केअरनंतरचा पंप २०-३० मिलीने जास्त.

ही पद्धत १९७८ मध्ये बोगोटात सुरू झाली, डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. २०२१ मध्ये पाच देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जन्मानंतर लगेच, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता छातीवर घेतलेल्या एक ते १.८ किलोच्या बाळांमधले मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाचे ८ ते २४ तास अशी शिफारस केली. आम्ही पंधराव्या दिवशी ७० मिनिटांनी सुरुवात केली. मी रोज विचारायला हवं होतं. उद्यापासून बाबाही घेणार, दुपारी दोन तास.

दिवस १७

‘वाया’ : ४१० मिली. एका दिवसात सगळ्यात मोठं नुकसान, आणि कारण चिठ्ठ्या. साध्या पेनने लिहिलेल्या, बर्फाच्या ओलाव्याने शाई पसरली, चार चिठ्ठ्या गळूनच पडल्या. कुणाचं आणि कधीचं दूध हे नक्की सांगता येत नसेल तर एनआयसीयूत ते देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. अकरा बाटल्या माझ्यासमोर बेसिनमध्ये ओतल्या. त्यातल्या तीन पहाटे तीनच्या होत्या.

आता : पक्क्या शाईचं मार्कर, कोरड्या बाटलीवर आधी चिठ्ठी आणि वरून पारदर्शक टेप, मग दूध. नाव, तारीख, वेळ, मिली, घेत असलेली औषधं. बाटली तीन-चतुर्थांशच भरायची, गोठताना दूध फुगतं. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, मागच्या बाजूला. साध्या तापमानाला चार तासांच्या आत, फ्रिजमधलं ताजं दूध आमच्या कक्षात ४८ तासांच्या आत, नाहीतर सरळ गोठवायचं.

दिवस २१ : नळीतली साय

वजन १,२५०. आठवड्यात ६५ ग्रॅम. किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम हवेत, आमचे साडेसात पडतात. मात्रा पूर्ण, फॉर्टिफायर चालू, उलट्या नाहीत. मग जातंय कुठे?

पटापट दूध दिलं की बाळाचा ऑक्सिजन खाली यायचा, म्हणून आठवडाभर सिरिंज पंपाने तासभर हळूहळू देत होते. आज कांगारूत बसले होते आणि नळी अगदी माझ्या डोळ्यांजवळून जात होती. दूध संपलं, पंप वाजला, आणि नळीच्या आत वरच्या बाजूला पांढरट थर तसाच राहिलेला दिसला. बोटाने टिचकी मारली तरी हलेना. सिरिंज आडवी होती, तिच्याही वरच्या कडेला पिवळसर पट्टा. ती साय होती. दूध तासभर निवांत पडलं की चरबी वर येते. आडव्या सिरिंजमध्ये पातळ दूध आधी जातं आणि साय मागे चिकटून राहते. आईच्या दुधातल्या निम्म्या कॅलरी चरबीतून येतात. दिवसाला बारा वेळा आम्ही तीच कॅलरी नळीबरोबर कचऱ्यात टाकत होतो.

सिस्टरना दाखवलं. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, कुणी वाईट वाटून घेतलं नाही. त्याच संध्याकाळपासून बदल : सिरिंजचं तोंड वर करून पंप तिरका लावला, म्हणजे साय आधी जाते. लांब नळीच्या जागी आखूड नळी. आणि दोन दिवसांत परत साध्या पद्धतीवर, सिरिंज उंच धरून दूध आपल्या वजनाने वीस-पंचवीस मिनिटांत उतरू द्यायचं. आता बाळाला ते झेपलं.

रक्तातलं युरियाही कमी आलं, म्हणजे प्रथिनं कमी पडतायत. फॉर्टिफायरबरोबर जास्तीचं प्रथिन सुरू केलं. तिसरं, माझं दूध ५६० मिली आणि बाळाला लागतं १९०, त्यामुळे पंपाच्या पहिल्या तीन-चार मिनिटांचं पातळ दूध वेगळं काढून गोठवायचं आणि नंतरचं चरबीचं बाळाला द्यायचं. यात प्रथिनं वाढत नाहीत, म्हणून फॉर्टिफायर सुटत नाही.

‘वाया’ रकान्यात आज आकडा लिहिता आला नाही. नळीला चिकटलेलं मोजणार कसं?

दिवस २४

उजव्या बाजूला गाठ. गरम शेक दिला, तेल लावून जोरजोरात चोळलं, ‘रिकामं व्हायलाच हवं’ म्हणून तासात दोनदा पंप. रात्री ताप १०१.५, कातडी लाल आणि चकचकीत.

उलटं करायचं होतं. थंड शेक, हलका हात, पंप नेहमीच्याच वेळेला, जास्तीचा नाही. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते आणि ज्यादा काढल्याने दूध अजून तयार होतं. डॉक्टरांनी सूज उतरायची गोळी आणि अँटिबायोटिक दिलं, बाळाला चालणारं. दूध बंद करू नका, बाळाला देत राहा, असंही सांगितलं. दूध ४३० पर्यंत उतरलं, पाच दिवसांनी जागेवर आलं.

दिवस २८

१,४०५. आठवड्यात १५५ ग्रॅम. वहीच्या या पानावर बाबांनी तारखेभोवती दोनदा गोल काढलाय.

दिवस ३० ते ४०

पोटातले दिवस धरून बाळाचं वय आता ३३ आठवडे ४ दिवस आणि पुढे. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत बसायला लागतो. त्याआधी पंप लावून रिकामा केलेला स्तन नुसता चोखायला देत होतो, त्याच वेळी नळीतून दूध, म्हणजे चोखलं की पोट भरतं हे तिला जोडता यावं.

दिवस ३३ ला घाई केली. पंप न लावता, भरल्या अंगावर घेतलं. पान्हा सुटला, धार जोरात, तिला आवरेना. ऑक्सिजन ७८ वर, ओठ निळसर. सिस्टरनी उचलून बसवलं, पाठ चोळली, वीस सेकंदांत सावरली. मी तासभर थरथरत होते. त्यानंतर आधी पाच मिनिटं पंप, पहिली धार जाऊ द्यायची, मग कुशीवर निजून घ्यायचं. तिला दमायला झालं की भुवया वर चढतात आणि बोटं पसरतात. ते दिसलं की काढून घ्यायचं, मॉनिटर वाजायची वाट बघायची नाही.

किती प्यायली हे अंदाजाने सांगू नका. आधी आणि नंतर तेच कपडे, तोच डायपर, तोच काटा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. दिवस ३४ : ४ ग्रॅम. दिवस ३६ : ६. दिवस ३८ : २, झोपून गेली. दिवस ४० : १८. चोखण्याचा आवाज आणि हालचाल चारही दिवस सारखीच वाटली होती. उरलेलं नळीतून, पुढे वाटीने. वाटी ओठाला लावून ठेवायची, ती जिभेने ओढते. ओतायचं नाही.

दिवस ५५

३७ आठवडे १ दिवस, २,१५० ग्रॅम. घरी. दोन वेळा फॉर्टिफायर घातलेलं दूध, बाकी अंगावर, रोज ‘ड’ जीवनसत्त्व ४०० युनिट आणि वजनाप्रमाणे लोहाचे थेंब. माझं दूध ६४० मिली. ‘वाया’ची इथवरची मोजता आलेली बेरीज ४८० मिली आणि वर काही थेंब.

दिवस ६३ : घरी येऊन केलेली चूक

आठवड्यात ७० ग्रॅम. घरी आल्या आल्या पंप आठवरून चारवर आणला, तेही तीन दिवसांत. आता बाळ पितंय, पंप कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. पण ३८ आठवड्यांचं बाळ पूर्ण दिवसांच्या बाळासारखं ओढत नाही. दहा मिनिटांत दमतं आणि तोंडात धरूनच झोपतं. स्तन रिकामे होत नव्हते, दूध उतरत गेलं. पंप लावून पाहिलं तर दिवसाचं ४१० मिली.

कमी पडतंय म्हणून गोठवलेलं काढलं, तर साबणासारखा वास. नासलं समजून ३५० मिली ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं की दुधातलं लायपेज हे विकर गोठवल्यावरही चरबी फोडत राहतं, त्याचा तो वास. दूध चांगलं असतं, बाळ पीत असेल तर द्यायचं. आंबट, नासका वास वेगळा असतो. ओतण्याआधी विचारा. हे लिहिताना अजूनही हळहळ वाटते.

दुरुस्ती : पंप परत सातवर, अंगावर पाजल्यानंतर लगेच दहा मिनिटं. दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा भाड्याने घेतला, दिवसातून दोनदा आधी-नंतरचं वजन. दूध ५६० वर यायला अकरा दिवस लागले. गेलं होतं तीन दिवसांत.

दिवस ८९

४२ आठवडे पूर्ण, ३,०९० ग्रॅम. काल एका वेळी ७४ ग्रॅम, आज ८०. डॉक्टर वाढीचा तक्ता जन्मतारखेवरून नाही, दिवस भरायच्या तारखेवरून मोजलेल्या वयाने बघतात, घरच्यांनाही तसंच सांगून ठेवा म्हणजे ‘तीन महिन्यांची वाटत नाही’ हे ऐकावं लागणार नाही. फॉर्टिफायर बंद. पंप आता दर चार दिवसांनी एकेक कमी करतेय, वजन बघून. एखाद्या आठवड्यात वजन घसरलं तर परत एक वाढवायचा, असं ठरलंय.

फ्रीझरमध्ये ३८ बाटल्या आहेत. दूधपेढीत विचारलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, फॉर्म भरला. २१ बाटल्या घेणार आहेत. बाकीच्यांपैकी काही तापाच्या दिवसांतल्या, अँटिबायोटिक चालू असतानाच्या, आणि सहांवर मी तारीख लिहिली पण वेळ लिहिली नव्हती. त्या १७ घरीच राहतील, जुनी आधी.

उद्या सकाळी बाबा बर्फाच्या पेटीतून नेऊन देतील. चिठ्ठ्या आज रात्री एकदा तपासायच्या आहेत.